मालिश किती दिवसांनी घ्यावी?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्या पदवीने कुणाची पाठ बरी झाल्याचं ऐकिवात नाही. पण ‘किती पुरे?’ हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे, आणि फार जुना आहे. म्हणून हे धाडस.

हल्ली शहरांत, तालुक्याच्या गावांतसुद्धा ‘डीप टिश्यू मसाज’ची पाटी दिसते. दिवसभर संगणकापुढे मान वाकवून बसणारी आपली मुलंसुना तिथे जातात आणि गुडघे-कंबर धरलेल्या आपल्यालाही ‘एकदा जाऊन तर बघा’ म्हणतात. तिथून आलेला माणूस दोन दिवस बरा असतो. मग लगेच प्रश्न येतो : आता परत कधी? कोणी म्हणतं आठवड्याला, कोणी पंधरवड्याला, कोणी महिन्याला. उत्तरं भरपूर आहेत; त्यांच्यामागची कारणं मात्र फारशी कुणी सांगत नाही. ती आज पाहू. आधी ही मालिश नेमकी करते काय, मग प्रयोग काय सांगतात, आपल्या परंपरेत काय आहे, आणि शेवटी प्रत्येकाने आपला आकडा कसा ठरवायचा.

खोल म्हणजे किती खोल?

कातडीखाली चरबीचा थर असतो. त्याच्या खाली एक चिवट, पांढरट आवरण असतं, त्याला प्रावरणी किंवा फॅशिया म्हणतात. संत्र्याच्या फोडीला जसा पापुद्रा असतो, तसं प्रत्येक स्नायूला हे वेष्टन असतं. नेहमीच्या तेल-मालिशीत हात लांबवर फिरतो, तो मुख्यतः वरच्या थरांवर. डीप टिश्यू प्रकारात तेल कमी, हात सावकाश. बोटांची पेरं, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, कधी खुद्द कोपर वापरून एका जागी दाब द्यायचा, थांबायचं, स्नायू सैल पडला की पुढे सरकायचं. चांगला मालिशवाला घाई करत नाही, हे त्याचं पहिलं लक्षण.

आता ह्याने होतं काय? ‘गाठी फुटतात’, ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’, ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ असं सर्रास सांगितलं जातं. ह्यातलं लॅक्टिक ॲसिड घ्या. व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर स्वतःच त्याची वासलात लावतं; दुसऱ्या दिवशीचं अंगदुखीचं कारण ते नसतंच. विषारी द्रव्यांचं म्हणाल, तर ती बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, आणि ती आपल्या कोपराची वाट पाहत नाहीत. प्रावरणीचं काय? 2008 साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी गणिती प्रारूप मांडून हिशेब केला, की मांडीच्या बाहेरच्या अंगाची आणि तळपायाची घट्ट प्रावरणी हाताने दाबून एक टक्का जरी बदलायची, तरी माणसाला सोसणार नाही इतका जोर लागेल. म्हणजे ‘कोपराने पापुद्रे सुटे केले’ हे वर्णन ऐकायला छान, पण त्या जाड आवरणांपुरतं तरी टिकत नाही.

मग बरं वाटतं ते खोटं का? मुळीच नाही. लेकरू पडलं की आई आधी लागल्या जागी चोळते. त्या चोळण्याने वेदना का कमी होते, ह्याचं एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल ह्या दोघांनी 1965 मध्ये मांडलं. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एका दारातून जातो आणि स्पर्शाचे, दाबाचे निरोप आले की ते दार काहीसं लोटलं जातं. त्या कल्पनेत पुढे पुष्कळ भर पडली, दुरुस्त्या झाल्या. पण मुख्य गोष्ट टिकली : मालिशीचा गुण बराचसा मज्जासंस्थेमार्फत येतो. आखडलेला स्नायू म्हणजे पहारा देणारा शिपाई. मालिश त्याची समजूत घालते.

हे नीट लक्षात घ्या, कारण ‘किती वेळा’चं अर्धं उत्तर इथेच आहे. मालिश म्हणजे दगड घडवणं असतं, तर जास्त घाव, जास्त घडण असा हिशेब लागू पडला असता. पण ती समजूत घालणं असेल, तर जास्त जोर म्हणजे जास्त गुण, हे गणित चालत नाही. समजूत धक्के मारून घालता येत नाही.

प्रयोगांनी दिलेले आकडे

आता तीन प्रयोग पाहू. तिन्ही अमेरिकेतले आहेत आणि तिन्हींत माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटलं होतं.

पहिला मानेचा. 2014 साली प्रसिद्ध झाला. जुनाट मानदुखीचे 228 लोक, चार आठवडे. कोणाला अर्ध्या तासाची मालिश आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, कोणाला तासाभराची एकदा, दोनदा किंवा तीनदा, आणि एका गटाला काहीच नाही. अर्ध्या तासवाल्यांना, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तासाभराची मालिश आठवड्यातून दोनदा-तीनदा घेतलेल्यांना मात्र स्पष्ट फरक पडला.

दुसरा गुडघ्याचा. 2012 साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या संधिवाताचे 125 लोक, आठ आठवडे, वेगवेगळ्या मात्रा. आठवड्यातून एकदा तासभर, ही मात्रा गुणाच्या आणि सोयीच्या दृष्टीने सर्वांत चांगली ठरली. ही मालिश अंग हलकं करणारी होती, खोल दाबाची नव्हे.

तिसरा पाठीचा, 2011 चा, आणि आमच्या मते सर्वांत बोलका. जुनाट कंबरदुखीचे 401 लोक. एका गटाला स्नायूंवर नेमकं खोल काम करणारी मालिश, दुसऱ्याला फक्त अंग सैल करणारी मालिश, दोन्ही आठवड्याला एकदा, दहा आठवडे. तिसरा गट नेहमीच्या औषधोपचारांवर. दहा आठवड्यांनी मालिश घेतलेल्यांपैकी सुमारे तीनांत एकाने दुखणं जवळजवळ गेल्याचं सांगितलं. तिसऱ्या गटात हे प्रमाण पंचवीसांत एक होतं. पण खोल मालिश आणि साधी मालिश ह्या दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही! आणि वर्षभराने दोहोंचाही फायदा बराचसा ओसरला होता.

ह्या प्रयोगांना मर्यादा आहेत. गोळीच्या प्रयोगात खरी गोळी कोणती आणि साखरेची कोणती, हे रोग्यापासून लपवता येतं. मालिश झाली की नाही, हे कुणापासून लपवणार? त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती आणि हाताचा किती, हे वेगळं काढणं अवघड. तरी तीन गोष्टी हाती लागतात. एक, जुनाट दुखण्यावर सुरुवातीला जरा लागोपाठ घ्यावी लागते. महिन्यातून एकदा घेऊन फारशी आशा धरू नये. दोन, तिला मुदत असते : चार, आठ, दहा आठवडे. तीन, जोराने दाबल्याचं वेगळं श्रेय मिळेलच असं नाही.

आपल्याकडची मात्रा

परंपरेकडे वळू. चरकसंहितेत अभ्यंगाचं वर्णन करताना दृष्टांत दिले आहेत ते मातीचा घडा, चामडं आणि गाडीचा आस ह्यांचे. तेल मुरलं की ही तिन्ही टिकाऊ होतात, तसं शरीर. आस म्हणजे चाकाची धुरा. बैलगाडीचं वंगण पाहिलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. वाग्भटाने अष्टांगहृदयात तर अभ्यंग रोज करावा, डोकं, कान आणि पाय ह्यांना विशेषकरून करावा असं सांगितलं. म्हणजे ‘किती वेळा’ ह्याचं वाग्भटाचं उत्तर ‘रोज’.

पण रोज काय? कोपराने रगडणं नव्हे. व्यायामानंतरच्या मर्दनाबद्दल तोच वाग्भट ‘अनुसुख’ असा शब्द वापरतो. शरीराला सुख होईल अशा बेताने. आणि रोजच्या ह्या नियमाला अपवादही लगेच जोडतो : कफाने ग्रासलेल्याने, शोधनकर्म केलेल्याने, अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये.

सुश्रुतावर बाराव्या शतकात डल्हणाने टीका लिहिली. त्यात एक गमतीचा हिशेब आहे. तेल तीनशे मात्रांत केसांच्या मुळांशी पोचतं, चारशेंत त्वचेत, मग रक्त, मांस, मेद, अस्थी असं करत नऊशे मात्रांत मज्जेपर्यंत. मात्रा म्हणजे एक ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ. आजच्या शरीरशास्त्रात हे अक्षरशः खरं मानता येणार नाही. पण त्यातला विचार पाहा : खोली गाठायची ती वेळ देऊन, जोर लावून नव्हे.

लोकव्यवहारातही हीच विभागणी आहे. बाळंतिणीला आणि बाळाला मालिश रोज, पण सव्वा महिना. मालिशवाली बाई आयुष्यभर येत नाही. केरळात कळरीच्या परंपरेत दोरीला धरून पायाने मालिश करतात, चांगली दणदणीत. ती पावसाळ्यात, ठरावीक दिवसांची, पथ्यपाण्यासकट. आणि वर्षातून एकदा नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल लावतात, तो तर सणच. थोडक्यात, रोजचं ते सौम्य, आणि जोराचं ते ठरावीक मुदतीचं. ही विभागणी आपण आज विसरलो आहोत. जोराची गोष्टच आपल्याला कायमची हवी असते.

ॲरिस्टॉटलचा पैलवान

आता आमच्या घरच्या अंगणात येतो. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ‘मध्यम’ म्हणजे काय ते समजावतो. दहा माप अन्न जास्त, दोन माप कमी, म्हणून उस्तादाने सगळ्यांना सहा माप द्यावं का? नाही. मायलो नावाच्या नामांकित पैलवानाला सहा कमी पडेल आणि आखाड्यात नुकत्याच आलेल्या पोराला जास्त होईल. गणितातला मध्य सगळ्यांना सारखा असतो. माणसाचा मध्य त्या त्या माणसापुरता असतो.

कोल्हापूरच्या तालमीत रोज घाम गाळणारा पंचविशीतला पैलवान आणि बँकेतून निवृत्त झालेला, रक्तदाबाची गोळी घेणारा सत्तरीतला माणूस, ह्यांना ‘पंधरा दिवसांनी एकदा’ हे एकच उत्तर देणं म्हणजे दोघांना सहा-सहा माप वाढणं. आपल्याकडे ‘अति तेथे माती’ म्हणतात; पण कुणाचं अति, हे त्या म्हणीत सांगितलेलं नाही. ते ज्याचं त्याने पाहायचं.

कसं पाहायचं? आमचं सांगणं असं की दोन मालिशींतल्या अंतराकडे लक्ष ठेवावं. मालिश उपचार म्हणून घेत असाल, तर हे अंतर वाढत गेलं पाहिजे. पहिल्या मालिशीनंतर दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्यानंतर पाच दिवस, सहावीनंतर दोन आठवडे, तर गाडी रुळावर आहे. पण पहिल्यानंतरही दोनच दिवस आणि दहावीनंतरही दोनच दिवस, तर मालिश दुखण्यावर पांघरूण घालते आहे, एवढंच. मूळ कारण तिथेच बसलेलं आहे : खुर्चीत, उशीत, न चालण्यात, कधी मनावरच्या ओझ्यात, कधी एखाद्या आजारात. अशा वेळी ‘अजून किती वेळा?’ हा प्रश्न सोडावा आणि ‘दुखतंय का?’ हा धरावा.

व्यवहारात मांडायचं तर असं. जुनाट मान-पाठ-कंबर असेल, तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, चार ते सहा आठवडे. प्रयोगात तीनदाही दिली गेली. पण दाब खोल असेल तर दोन मालिशींमध्ये दोन-तीन दिवस सोडावेतच, कारण मालिशीनंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं. चौथ्या वेळेनंतर तीळभरही फरक नसेल तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. फरक असेल तर अंतर आठवड्याचं दोन, दोनाचं चार असं वाढवावं. पुढे महिन्यातून एकदा घ्यावीशी वाटली, खिशाला परवडली, तर जरूर घ्यावी. पण ती हौस म्हणून, औषध म्हणून नव्हे. हौसेत वाईट काही नाही. हौसेला औषध म्हटलं की मात्र माणूस तिच्यावाचून अडायला लागतो.

कोणी हात लावून घेऊ नये

हा भाग आपल्या वयाच्या मंडळींनी विशेष ऐकावा. एका पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते, तर ती चोळू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. रगडल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आधी डॉक्टर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नको, आत रक्तस्राव होऊ शकतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर कोपर आणि पाठीवर नातवाला चालवणं, दोन्ही बंद. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर दाब जास्त होतोय हे तुम्हाला कळणारच नाही. ‘दुखलं तर सांगा’ ह्या सूचनेचा तिथे उपयोग नाही. ताप, ताजी शस्त्रक्रिया, कर्करोग असेल तर विचारल्याशिवाय नको. आणि न्हाव्याच्या खुर्चीत मान कडकन मोडून घेण्याची सवय असेल, तर ती आजच सोडा; मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, त्यांना इजा होऊ शकते. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा गेला, तर मालिशीचा विचारही न करता तडक रुग्णालय गाठायचं.

सांगणारा आणि विकणारा

शेवटचा मुद्दा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, वैद्य वैद्य म्हणून रोग्याचं हित पाहतो, पैसे मिळवणं ही वेगळी कला, ती तो त्याशिवाय करतो. दोन्ही एकाच माणसात असतात म्हणून त्या एक होत नाहीत. दहा मालिशींचं पॅकेज पुढे ठेवून कोणी ‘तुम्हाला दहा लागतील’ म्हणालं, तर कोणती कला बोलते आहे हे ओळखायला हवं. चार वेळांचे पैसे भरा, मग बघू.

त्याच ग्रंथात हेरोडिकस नावाच्या व्यायामशिक्षकाची टिंगल आहे. आजारी पडल्यावर तो दिवसभर स्वतःच्या प्रकृतीचीच सेवा करत बसला, म्हातारा झाला, पण दुसरं काही त्याच्या हातून झालं नाही. प्लेटो पुढे म्हणतो, सुताराला एवढी सवड नसते. तो बरा होऊन कामाला लागतो, नाहीतर मरून मोकळा होतो. इथे आमचं प्लेटोशी जमत नाही. सुताराचीही पाठ दुखते. किंबहुना ज्यांची सर्वांत जास्त दुखते, ते हमाल, ऊसतोड करणारे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, त्यांना ‘किती वेळा’ हा प्रश्नच पडत नाही. आणि जी बाई दिवसभर आपली पाठ रगडते, तिचे अंगठे रात्री कोण चोळतं? ‘आणखी जोरात’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते दोघांच्या शरीराला सांगत असतो.

आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*‘दुखलं तरच गुण येतो’ असं आमचा मालिशवाला म्हणतो. ते खरं का?*

गोड दुखणं आणि वाईट दुखणं, हा फरक आपल्याला कळतो. दाबल्यावर ‘हां, तिथेच’ असं वाटलं, श्वास सुरळीत राहिला, तर ठीक. श्वास रोखला गेला, मुठी आवळल्या, अंग आक्रसलं, तर स्नायू पुन्हा पहाऱ्यावर उभा राहिला. मग गुण कुठून येणार? अंगावर काळेनिळे डाग पडले तर दाब नक्कीच जास्त झाला. ‘जरा हलक्या हाताने’ म्हणायला लाजू नका.

*मालिश घेतली म्हणजे व्यायाम नाही केला तरी चालेल का?*

नाही. मालिशीने हालचाल सोपी होते; हालचाल तुम्हालाच करायची आहे. जुनाट कंबरदुखीत चालणं-व्यायाम ह्यांना पर्याय म्हणून मालिश घेऊ नये, सोबत घ्यावी. मालिशीनंतर दोन दिवस जे बरे जातात, ते चालण्यासाठी वापरा.

*घरी पैसे खर्च न करता काय करता येईल?*

पुष्कळ. पाठ आणि भिंत ह्यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून हळूहळू वरखाली व्हा. रात्री तळपायांना कोमट तेल लावा, मात्र नंतर पाय पुसल्याशिवाय फरशीवर चालू नका, घसराल. आणि घरात दोन माणसं असतील तर एकमेकांचे खांदे पाच मिनिटं दाबा. हे रोज चालेल. मात्र पाळीपाळीने दाबा. ते काम कायम घरातल्या बाईकडेच नको.